टोपीवरचा खांब : पुणे ते आंबडवे, चार दिवस

पहिला दिवस : पुणे – कोरेगाव भीमा – महाड

आजोबांचा एकच फोटो आमच्या घरात आहे. १९४४ सालचा, स्टुडिओत काढलेला. मागे रंगवलेला पडदा, शेजारी उंच तिकाटणं, त्यावर कागदी फुलं, आणि तेल लावल्यासारखा ताठ उभा असलेला एकवीस वर्षांचा मुलगा. टोपीवर बिल्ला आहे. भिंग लावून पाहिलं की बिल्ल्यावर एक खांब दिसतो. लहानपणी मला ती समई वाटायची. तो कोरेगावचा विजयस्तंभ आहे, हे मला आत्याने सांगितलं, आणि या सहलीचं खूळही तिचंच. "बाबा पलटणीत कशामुळे गेले ते त्या वाटेने जाऊन बघू या," असं ती दोन वर्षं म्हणत होती. आत्या पंचाहत्तरीची झाली, गुडघे दुखतात, तेव्हा आणखी लांबवणं बरं नव्हतं.

एक जानेवारीला आम्ही कोरेगावला जातोच. पण त्या दिवशी माणसांचा पूर असतो, पाया पडून पुढे सरकायचं, एवढंच होतं. नावं निवांत वाचायला मिळत नाहीत. म्हणून यावेळी फेब्रुवारीतला एक साधा मंगळवार धरला. सकाळी सहाला दापोडीहून निघालो. साडेसातला पेरणे फाट्यावर होतो (स्तंभ पेरण्याच्या हद्दीत येतो, गाव नदीपलीकडे). आवारात आमच्याशिवाय झाडलोट करणारी एक बाई आणि दोन पोलीस.

१ जानेवारी १८१८. ईस्ट इंडिया कंपनीच्या कॅप्टन स्टाँटनची तुकडी, साधारण आठशे माणसं, शिरूरहून रात्रभर चालत आलेली. समोर दुसऱ्या बाजीरावाची फौज, कित्येक पटींनी मोठी. दिवसभर लढाई झाली, रात्री पेशव्यांची फौज मागे गेली. मुंबई नेटिव्ह इन्फन्ट्रीच्या ज्या शिपायांची नावं इथे कोरली आहेत ती ४९, आणि त्यातल्या २२ नावांच्या शेवटी 'नाक' आहे. रायनाक, रामनाक, येसनाक. आत्याने चष्मा पुसला आणि बोट धरून एकेक नाव मोठ्याने वाचलं, हजेरी घ्यावी तसं. 'नाक' म्हणजे महार, हे त्या काळी कुणाला सांगावं लागत नव्हतं. गावात या नावांना वेशीच्या आत जागा नव्हती. दगडावर मात्र ती कायमची राहिली.

लोक वाद घालतात, की ही माणसं कंपनीसाठी लढली, स्वराज्याविरुद्ध लढली. मी यावर पुष्कळ विचार केला आहे. ज्याला गावाच्या विहिरीवर जाता येत नाही त्याला महिन्याच्या महिन्याला पगार, अंगावर गणवेश आणि नावानिशी हाक मारणारा साहेब मिळाला, तर त्याने काय करायला हवं होतं, हा प्रश्न वाद घालणाऱ्यांनी आधी सोडवावा. डॉ. आंबेडकर १ जानेवारी १९२७ ला इथे आले, तेव्हापासून हा खांब आमचा झाला. १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली तेव्हा तो पहिल्या बिल्ल्यावर गेला. पुढे बिल्ला बदलला, मशीनगनच्या जोडीमध्ये खांबाच्या जागी खंजीर आला. आजोबांची टोपी त्याआधीची.

तिथून मागे फिरून पुणं ओलांडून ताम्हिणीमार्गे कोकणात उतरलो. घाटात आत्या झोपली. माणगावला चहासाठी थांबलो तेव्हा तहसील कचेरीपाशी नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा पाहिला. मराठा लाइट इन्फन्ट्रीचा हा इथल्याच तालुक्यातला मुलगा. १० जुलै १९४४ ला इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, सोबतचे सगळे पडले किंवा जखमी झाले तरी हा एकटा मशीनगनच्या मोर्च्यावर धावून गेला, तो मोर्चा घेतला आणि तिथेच गोळी लागून गेला. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. वय २२. आजोबांचा फोटो आणि हा पराक्रम एकाच सालचे आहेत हे आत्याच्याच लक्षात आलं. कोकणच्या या पट्ट्यात जात कुठलीही असो, घरटी एक माणूस 'मुंबईला' आणि एक 'मिल्ट्रीत' असं पिढ्यान्‌पिढ्या चाललं. शेती डोंगरउताराची, पाऊस सगळा चार महिन्यांत पडून समुद्राला मिळायचा. मनिऑर्डरीवर घरं उभी राहिली.

संध्याकाळी महाड.

दुसरा दिवस : महाड

चवदार तळ्यावर सकाळी सहालाच गेलो. पाणी हिरवट, स्थिर. पायऱ्यांवर एक आजोबा प्राणायाम करत होते. आत्या दोन पायऱ्या उतरली, तिसरी नको म्हणून मी हात धरला, तर म्हणाली, "सोड गं, इथपर्यंत येऊन कोरड्या हाताने जाऊ?" आणि ओंजळ भरून घेतली.

महाडची गोष्ट शाळेत सगळ्यांनी वाचलेली असते. १९२३ च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलात सी. के. बोल्यांचा ठराव झाला, सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले. महाड नगरपालिकेनेही तसा ठराव केला. कागदावर तळं खुलं झालं, पाण्याला हात लावायची कुणाची छाती होईना. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांबरोबर परिषदेला आलेल्यांची ती झाली. त्यानंतर दगडफेक, मारहाण, आणि मग तळं 'शुद्ध' करण्यासाठी पंचगव्याच्या घागरी. पुस्तकातल्या धड्यात एवढं असतं. धड्यात नसतं ते हे, की त्या परिषदेला आलेल्यांत पेन्शनर शिपाई होते, आणि बाबासाहेबांनी तिथे केलेल्या भाषणातला मोठा भाग लष्कराबद्दल होता.

ते म्हणाले होते, की एके काळी याच भागात आपले लोक सुधारलेले होते, कारण त्यांना पलटणीचं दार उघडं होतं. पलटणीत अस्पृश्य माणूस हुद्द्यावर चढत होता, छावणीतल्या शाळेचा हेडमास्तर होत होता, आणि छावणीत मुलांना शिकवणं सक्तीचं होतं. ते दार बंद झालं आणि आपण मागे पडलो. ही भरतीबंदी उठलीच पाहिजे. हे सांगणारा माणूस स्वतः त्या छावणीतल्या शाळेच्या हेडमास्तराचा मुलगा होता. रामजी सकपाळ सुभेदार होते, १४ वर्षं लष्करी शाळेत हेडमास्तर होते. आजोबा मालोजीही पलटणीतले. आईच्या माहेरचे लोकही फौजीच. भीमरावांचा जन्म महूच्या छावणीत झाला, १४ एप्रिल १८९१ ला. घरातल्या बायकांनाही लिहिता-वाचता येत होतं, त्या काळात.

छावणीची शाळा काही दयेपोटी काढलेली नव्हती. पलटणीला हुकूम वाचणारा, हिशेब ठेवणारा, नकाशा समजणारा शिपाई हवा होता. शिपायाचं पोर मोकाट फिरण्यापेक्षा बाकावर बसलेलं बरं. सरकारने आपल्या सोयीसाठी शाळा काढली आणि त्या शाळेतून काय बाहेर पडेल याचा अंदाज सरकारला नव्हता.

मग १८९२ च्या सुमारास महारांची भरती थांबली. सरसेनापती रॉबर्ट्स याच्या काळात 'लढवय्या जाती' नावाची कल्पना जोरात होती. उत्तरेकडचे उंचनिंच लोक लढवय्ये, बाकीचे नाहीत. कोरेगावला ज्यांची नावं कोरली त्यांचे नातू एका हुकमाने नालायक ठरले. मला या सबंध इतिहासात सगळ्यात जास्त राग कशाचा येतो तर याचा. गावाने दूर ठेवलं ते हजार वर्षांच्या सवयीने. सरकारने दूर ठेवलं ते रजिस्टरात शौर्याची नोंद असताना.

दुपारी क्रांतिस्तंभ पाहिला. २५ डिसेंबर १९२७ ला दुसऱ्या परिषदेत मनुस्मृती जाळली ती ही जागा. पहिल्या परिषदेनंतर गावात जागा कुणी देईना, तेव्हा फत्तेखान या मुसलमान गृहस्थांनी आपली जमीन दिली होती. तळ्याचा खटला १७ मार्च १९३७ ला हायकोर्टात सुटला, दहा वर्षांनी.

संध्याकाळी खोलीवर आत्या बोलायला लागली. आजोबा रजेवर येत तेव्हा घरात काय होई ते. सकाळी पाचला अंथरुणाच्या घड्या, कडेला कड. रविवारी सगळ्यांची नखं तपासायची. रात्री जेवणाआधी पोरांनी ओळीत उभं राहून पाढे म्हणायचे, चुकला की पुन्हा पहिल्यापासून. "फालिन!" म्हणून ओरडायचे आणि आम्ही सात भावंडं ताटं सोडून धावायचो, ती म्हणाली. फालिन म्हणजे 'फॉल इन', हे मला तेव्हा कळलं. आमच्या घरात अजून सगळे लग्नाला निघताना "फालिन व्हा" म्हणतात. पलटण, कवायत, रंगरूट, कंपू हे शब्द मराठीत असेच आले आणि घरचे झाले. 'कंपू' तर शिंद्यांच्या कवायती फौजेचा, आज कॉलेजातली पोरं आपल्या टोळक्याला म्हणतात.

आणि पत्रं. आजोबांना पत्र लिहायचं काम आत्याचं. आजीला लिहिता येत नव्हतं, ती सांगायची आणि ही लिहायची. पत्र चुकीच्या पलटणीत जाऊ नये म्हणून पत्ता पाठ करून घेतला होता. आधी नंबर, मग हुद्दा, मग नाव, मग पलटण, खाली '५६ एपीओ', म्हणजे फौजेचं टपाल. गावाचं नाव नाही, जिल्हा नाही. "बाबा कुठे आहेत ते आम्हाला माहीतच नसायचं. नंबर माहीत असायचा." आत्या सातवीपर्यंत शिकली ती त्या पत्रांच्या जोरावर. आजी म्हणायची, हिची शाळा सोडली तर कागद कोण लिहील?

तिसरा दिवस : दापोली, वणंद

कशेडीच्या बोगद्यातून निघालो आणि खेड मागे टाकलं. खेडजवळच आमचं मूळ गाव, तिथे आता कुणी नाही, म्हणून उतरलो नाही. खेडनंतर रस्ता चढतो, हवा बदलते. आंब्याला मोहोर होता, काचा खाली केल्या की गाडीभर वास.

दापोलीला जुनी माणसं अजून 'कॅम्प दापोली' म्हणतात. पेशवाई बुडाल्यावर दक्षिण कोकणावर ताबा ठेवायला इंग्रजांनी ही जांभ्याची उंच, थंड सपाटी निवडली. बंगले, परेडचं मैदान, चर्च, दफनभूमी. पुढे मोठी फौज हलली, पण गाव निवृत्त शिपायांचं राहिलं. इथे पेन्शन मिळायची, हवा चांगली, आणि आजूबाजूच्या खेड्यांतूनच बरेच शिपाई भरती झालेले. मिशनऱ्यांनी हायस्कूल काढलं, तेच पुढे ए. जी. हायस्कूल. पांडुरंग वामन काणे आणि साने गुरुजी इथे शिकले. एका छावणीमुळे आडबाजूच्या डोंगरावर एवढं सगळं उभं राहिलं.

चर्चचे आता नुसते अवशेष आहेत. भिंतीतून वडाची मुळं खाली आली आहेत, जांभ्याचे चिरे त्यांनी हळूहळू वेगळे केलेत. मी अर्धा तास तिथे होते. खरं सांगायचं तर मी इंग्रजांच्या थडग्यांसाठी आले नव्हते. मला पेन्शनर महारांची वस्ती कुठे होती ते पाहायचं होतं. तशी खूण एकही नाही. पाटी नाही, दगड नाही. जे साहेब इथे तापाने गेले त्यांची नावं संगमरवरावर आहेत. ज्या हवालदाराने इथे बसून अस्पृश्यतेविरुद्ध चळवळ उभी केली त्याच्या घराची जागा विचारली, तर तीन जणांनी तीन दिशा दाखवल्या.

तो हवालदार म्हणजे गोपाळबाबा वलंगकर. महाडजवळच्या रावढळचे. पलटणीतून १८८६ ला निवृत्त होऊन दापोलीत राहिले. जोतीराव फुल्यांच्या विचारांचे. १८८८ ला त्यांनी 'विटाळ विध्वंसन' हे प्रश्नावलीवजा पुस्तक लिहिलं, वरच्या जातींना प्रश्न विचारणारं, की हा विटाळ आला कुठून, शास्त्रात आहे तर दाखवा. १८९० ला अनार्य दोष परिहारक मंडळ काढलं, इथेच. भरती बंद झाली तेव्हा १८९४ ला अर्ज लिहिला, की आमचे पूर्वज तुमच्यासाठी लढले, आमची भरती पुन्हा सुरू करा. अर्ज गेला नाही, अडकला, कारण खुद्द पेन्शनरांना भीती होती की असा अर्ज केला तर पेन्शन जाईल. पुढे पुण्यातून शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० ला तसाच अर्ज केला. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ ला १११ वी महार पलटण उभी केली आणि गरज संपताच १९२१ पर्यंत मोडून टाकली. १९४१ ला पुन्हा गरज पडली, तेव्हा बाबासाहेब संरक्षण सल्लागार समितीवर होते, आणि यावेळी रेजिमेंट कायमची झाली.

पेन्शन म्हणजे नेमकं काय होतं याचा विचार मी चर्चजवळच्या दगडावर बसून करत होते. महार वतनात माणूस गावकीची कामं करायचा आणि बलुतं, शिळंपाकं मागून आणायचा. ज्याच्या हातात सरकारी पेन्शन आहे त्याला मागावं लागत नाही. मेलेलं ढोर ओढायला 'नाही' म्हणता येतं. पाटलासमोर जोहार न घालता उभं राहता येतं, कारण महिन्याचे पैसे पाटील थांबवू शकत नाही. बंडाला आधी जेवणाची सोय लागते. वलंगकरांकडे ती होती, रामजी सकपाळांकडे होती. पेन्शन घेऊन रामजीही काही काळ इथेच दापोलीत राहिले, मग साताऱ्याला गेले.

दुपारी वणंदला गेलो, दापोलीपासून अगदी जवळ. रमाबाईंचं माहेर. स्मारकाच्या अंगणात एक म्हातारे गृहस्थ ऊन खात बसले होते, पायात घोट्यापर्यंतचे बूट, चकाचक पॉलिश. आत्या मला म्हणाली, "हा मिल्ट्रीतला." विचारलं तर खरंच, महार रेजिमेंटमधूनच निवृत्त, हवालदार.

"कुठशी आलाव?" त्यांनी विचारलं.

"पुण्यावरनं. पण आमचा बाप खेडकडचा, तुमच्याच रेजिमेंटचा," आत्या म्हणाली आणि पिशवीतून फोटो काढला.

त्यांनी फोटो डोळ्यांजवळ धरला, लांब धरला. बिल्ल्यावर अंगठा ठेवला. "खांबवाला," एवढंच म्हणाले. मग उठून उभे राहिले. गुडघे त्यांचेही दुखत असणार, खुर्चीचा हात धरून उठले, पण उठले. फोटो परत देताना दोन्ही हातांनी दिला. नंतर पोटभर बोलले. गावात त्यांच्या घराला 'हवालदाराचं' म्हणतात, सुनेलाही 'हवालदारांची सून'. आधी त्या घराला काय म्हणत ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. मुलगा फौजेत गेला नाही, शिक्षक झाला. नातीने नर्सिंग केलंय. चहा घेतल्याशिवाय सोडलं नाही, वर कुळथाचं पीठ बांधून दिलं.

चौथा दिवस : दापोली – आंबडवे

सकाळी मैदानावर पोरं धावत होती. तीसेक असतील, चार-पाच मुलीही. एकाच्या हातात घड्याळ, तो मिनिटं ओरडत होता. सोळाशे मीटर, साडेपाच मिनिटं. भरतीची तयारी. आत्या बाकावर बसून शेवटच्या पोराला "चल, चल, मार पाय!" म्हणून ओरडत होती, जणू नातूच.

दम खाणाऱ्या एकाशी बोललो. मंडणगडकडचा, बारावी झालेला. अग्निवीरसाठी दुसरी खेप. "चार वर्षं झाली की मग?" मी विचारलं. "पंचवीस टक्के ठेवतात," तो म्हणाला. "आणि नाय ठेवलं तर?" त्याने खांदे उडवले. "पोलीस भरती बघू. पैसे मिळतात तेव्हा एकदम." ते पैसे मिळतात हे खरं आहे. पेन्शन नाही, हेही खरं. कालच्या चर्चजवळच्या दगडावरचा विचार मला पुन्हा आठवला. या डोंगरांत जे काही उभं राहिलं, शाळा, चळवळ, ताठ मान, ते चार वर्षांच्या पगारावर नव्हतं, आयुष्यभर दर महिन्याला येणाऱ्या त्या थोड्याशा पैशांवर होतं. ही पोरं तशीच धावतायत, त्याच मैदानावर. त्यांना मिळणारी वस्तू बदलली आहे. देशाचे खर्च मला कळत नाहीत असं नाही, पण या पोरांच्या आजोबांना जे मिळालं ते त्यांना मिळू नये, हे मला बरोबर वाटत नाही.

तिथून मंडणगड, आणि आंबडवे. रस्ता वळणावळणाचा, काजूला बोंडं धरू लागलेली. आंबडवे लहान आहे. एवढ्या लहान गावातून मालोजी सकपाळ पलटणीत भरती व्हायला निघाले असतील तेव्हा पहिल्यांदा कुठल्या डोंगराआड वळले असतील ते मी पाहत होते. सकपाळांचं घर होतं तिथे आता स्मारक आहे. आत गारवा, बुद्धमूर्ती, बाबासाहेब. या गावावरूनच आंबडवेकर, आणि पुढे शाळेत आंबेडकर.

आत्या बराच वेळ भिंतीला टेकून जमिनीवर बसली. मग टेबलावरच्या अभिप्रायाच्या वहीपाशी गेली. मी वाट बघत बाहेर उभी. लोक साधारण "येऊन धन्य झालो, जय भीम" असं लिहितात. तिला फार वेळ लागतोय म्हणून आत जाऊन खांद्यावरून पाहिलं.

तिने अभिप्राय लिहिलाच नव्हता. पहिल्या ओळीत सात आकडी नंबर. दुसऱ्या ओळीत हवालदार, पुढे आजोबांचं पूर्ण नाव. तिसऱ्या ओळीत महार रेजिमेंट. खाली ५६ एपीओ. ठळक, सुट्टं, गोल अक्षर, एकाखाली एक, पाकिटावर लिहितात तसं डाव्या बाजूला समास सोडून. आणि अगदी खाली, उजव्या कोपऱ्यात, पाठवणाऱ्याच्या जागी, स्वतःची सही.

"नंबर आठवतो तुला अजून?" मी विचारलं.

"त्याला आठवायला काय लागतं," म्हणाली, आणि पेनाला टोपण लावलं.